पोर्ट ५३ : फायरवॉलमधल्या एका उघड्या वाटेचा इतिहास

संस्थेच्या नेटवर्कवर फायरवॉल बसवताना सुरुवात ‘सगळे बंद’ या नियमाने होते आणि मग कामापुरत्या वाटा एकेक करून उघडल्या जातात. त्यांत पोर्ट ५३ जवळपास नेहमीच पहिले असते. डोमेन नावांची चौकशी, म्हणजे डीएनएस, या पोर्टवरून चालते. ती बंद राहिली तर मेल जात नाही, संकेतस्थळ उघडत नाही, अँटीव्हायरसची नवी यादी उतरत नाही. म्हणून ही वाट वर्षानुवर्षे फारशी विचारपूस न करता उघडी ठेवली गेली, आणि नेटवर्कमध्ये शिरू पाहणाऱ्यांनी ती पुन्हा पुन्हा वापरली. कोणत्या सर्व्हरला विचारायचे, कोणाचे उत्तर मानायचे, किती मोठे उत्तर आत घ्यायचे, असे जे रकाने आज फायरवॉलच्या डीएनएस सेटिंगमध्ये दिसतात, त्यांतले बहुतेक एखाद्या चुकीनंतर किंवा हल्ल्यानंतर जोडले गेले आहेत.

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या काळात अशी चौकशी नव्हतीच. सर्व संगणकांची नावे आणि अंकी पत्ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असत. ‘होस्ट्स.टीएक्सटी’ नावाची ही फाइल कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला, एसआरआय या संशोधन संस्थेच्या नेटवर्क इन्फर्मेशन सेंटरमध्ये सांभाळली जाई. एलिझाबेथ फाइनलर या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवा संगणक जोडला की त्याचे नाव केंद्राला कळवायचे, केंद्राने ते फाइलमध्ये घालायचे आणि बाकीच्यांनी ताजी फाइल उतरवून घ्यायची, असा रिवाज होता. काही शे संगणकांपर्यंत तो चालला. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट टीसीपी/आयपीवर आले, विद्यापीठांची आपापली नेटवर्क जोडली जाऊ लागली, आणि फाइल उतरवून होईपर्यंत ती शिळी होऊ लागली.

यावर तोड काढण्याचे काम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये जॉन पोस्टेल यांनी पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे दिले. नोव्हेंबर १९८३ मध्ये मोकापेट्रिस यांची आरएफसी ८८२ आणि ८८३ ही टिपणे प्रसिद्ध झाली. त्यांनी एका फाइलच्या जागी नावांचा वृक्ष आणला आणि प्रत्येक फांदीची जबाबदारी त्या फांदीच्या मालकाकडे सोपवली. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी ‘बाइंड’ हा नेमसर्व्हर लिहिला. नोव्हेंबर १९८७ मधील आरएफसी १०३४ आणि १०३५ यांनी रचना पक्की केली. आजची डीएनएस त्याच दोन टिपणांवर उभी आहे.

या रचनेतल्या तीन निर्णयांनी पुढचा इतिहास घडवला. चौकशी आणि उत्तर यूडीपीने जाई, म्हणजे आधी जोडणी न बांधता एकेक सुटे पॅकेट पाठवले जाई, आणि उत्तर ५१२ बाइटांत बसवावे लागे. कोणते उत्तर कोणत्या चौकशीचे, हे ओळखायला १६ बिटांचा एक क्रमांक असे. त्याच्या शक्यता अवघ्या ६५,५३६. तिसरे म्हणजे, मधल्या सर्व्हरने मिळालेले उत्तर ठरावीक काळ आपल्या कॅशेमध्ये ठेवायचे आणि पुढे विचारणाऱ्यांना तेच द्यायचे. उत्तर देणारा खरा आहे याचा पुरावा कुठेही मागितलेला नव्हता. त्या काळी नेटवर्क लहान होते आणि ते चालवणारी माणसे एकमेकांना ओळखत होती. त्यामुळे हा दोष मोकापेट्रिस यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

भारताची ‘इन’ ही फांदी ८ मे १९८९ रोजी देशाच्या नावे लागली आणि तिचा कारभार मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे आला. कागदपत्रांची कडक छाननी असल्याने २००४ पर्यंत त्यात सुमारे ७००० नावेच नोंदली गेली. २००५ च्या सुरुवातीला काम निक्सी या संस्थेकडे गेले आणि नोंदणी सर्वांना खुली झाली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तोवर अमेरिकेत फायरवॉलची पहिली पिढी बाजारात आली होती.

ही पिढी घडायला निमित्त २ नोव्हेंबर १९८८ चे. त्या दिवशी सुटलेल्या मॉरिस वर्मने इंटरनेटवरचे हजारो संगणक ठप्प केले आणि नेटवर्कवरचे सगळे शेजारी भरवशाचे नाहीत हे उघड झाले. डीएनएसच्या बाबतीत हा भरवसा किती पोकळ आहे, ते एटी अँड टी बेल लॅब्जमधील स्टीव्हन बेलोविन यांनी १९९० मध्ये लिहून ठेवले. तेव्हाच्या युनिक्स संगणकांत ‘अमुक नावाच्या संगणकावरून आलेल्याला पासवर्ड न विचारता आत घ्या’ अशी सोय होती. आलेल्या पत्त्याचे नाव काय, हे संगणक डीएनएसला उलट विचारून ठरवी. पण त्या पत्त्याची उलटी नोंद ज्याच्या ताब्यात, तो स्वतःचे नाव हवे ते सांगू शकत होता. दुरुस्ती सोपी नसल्याने बेलोविन यांनी तो निबंध पाच वर्षे अडवून ठेवला. तो १९९५ मध्ये छापला गेला. या मौनाने धोका गेला नाही, तरी फायरवॉल उभारणाऱ्यांना वेळ मिळाला. नावावर विसंबून परवानगी देऊ नये, हा फायरवॉलच्या डीएनएस सेटिंगमधला पहिला धडा इथून आला.

पहिले फायरवॉल राउटरमध्येच असत. येणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा पत्ता आणि पोर्ट पाहून ते त्याला सोडत किंवा टाकून देत. मागचे काही लक्षात ठेवत नसत. टीसीपीत जोडणी कोणी सुरू केली ते पॅकेटवरच्या खुणांवरून कळते. यूडीपीत तशी खूण नाही. आतल्या सर्व्हरने बाहेर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आत यावे, तर बाहेरच्या पोर्ट ५३ वरून येणारे प्रत्येक यूडीपी पॅकेट आत सोडण्याखेरीज मार्ग नव्हता. शिरू पाहणाऱ्याने आपल्या पॅकेटवर स्रोत म्हणून पोर्ट ५३ लिहिले की तो फायरवॉल ओलांडून आतल्या कुठल्याही यूडीपी सेवेपर्यंत पोचे. नेटवर्क तपासणाऱ्या साधनांत स्रोत-पोर्ट स्वतः निवडण्याची सोय असते. ती मुख्यतः असल्या नियमांची परीक्षा घेण्यासाठीच.

याच अडचणीतून एक सवय रुजली आणि तिचे मोल अनेक वर्षांनी मोजावे लागले. बाइंडच्या जुन्या आवृत्त्या आपले प्रश्नही पोर्ट ५३ वरूनच पाठवत, म्हणून दोन्ही टोके ५३ असतील तरच सोडायचे, असा थोडा आवळलेला नियम लिहिता येई. १९९७ च्या बाइंड ८ पासून प्रश्न वरच्या क्रमांकाच्या पोर्टवरून निघू लागले आणि जुन्या नियमांवर ते अडू लागले. मग सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून प्रश्न पुन्हा पोर्ट ५३ वरून पाठवायची सोय झाली. फायरवॉल असेल तर ही ओळ लागेल, असे नमुना फाइलमध्येच सुचवलेले असे, आणि असंख्य प्रशासकांनी ती चालू करून ठेवली. फायरवॉलच्या सोयीसाठी नेमसर्व्हरचे पोर्ट कायमचे बांधले गेले.

खरे तर तोवर फायरवॉल सुधारलेही होते. इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीने १९९४ मध्ये ‘फायरवॉल-१’ आणले. ते बाहेर गेलेल्या प्रश्नाची नोंद ठेवी आणि त्याच प्रश्नाचे उत्तर असेल तरच पॅकेट आत घेई. आज फायरवॉलच्या नोंदीत यूडीपी जोडणीला काही सेकंदांची मुदत दिसते, ती याच पद्धतीतली. ती जिथे होती तिथे बाइंडमधल्या त्या ओळीची गरजच नव्हती, पण चालू असलेल्या सर्व्हरची सेटिंग फाइल सहसा कोणी उघडत नाही.

याच वर्षांत दुहेरी डीएनएसची पद्धत रुळली. बिल चेस्विक आणि बेलोविन यांचे फायरवॉलवरचे पुस्तक १९९४ मध्ये, तर ब्रेंट चॅपमन आणि एलिझाबेथ झ्विकी यांचे १९९५ मध्ये आले. संस्थेच्या आतल्या यंत्रांची नावे बाहेरच्याला कळू नयेत, या विचाराने नेमसर्व्हर दोन ठेवायचे: बाहेरच्या सर्व्हरवर वेबसाइट आणि मेल एवढ्याच नोंदी, आतल्यावर सगळ्या. आतला सर्व्हर बाहेरच्या नावांसाठी फायरवॉलमागून पुढे विचारी. बाइंड ९ मध्ये विचारणाऱ्याचा पत्ता पाहून वेगळे उत्तर देण्याची सोय आली आणि एकच सर्व्हर दोन्ही भूमिका करू लागला. नावे लपवून फार काही साधते असे नाही, कारण मेलच्या शीर्षकांतून ती बाहेर पडतच असतात. या पद्धतीचा खरा फायदा दुसराच होता. बाहेरच्यांना उत्तरे देणारा सर्व्हर आणि आतल्यांसाठी शोध घेणारा सर्व्हर वेगळे झाले, आणि शोध घेणाऱ्याला बाहेरून कोणी हात लावू शकेना.

ज्यांनी हे केले नाही त्यांनी खुले रिझॉल्व्हर उभे केले, म्हणजे कोणाच्याही प्रश्नाचे उत्तर शोधून देणारे सर्व्हर. खोट्या स्रोत-पत्त्यावरून त्यांना छोटा प्रश्न विचारला की मोठे उत्तर त्या पत्त्याच्या मालकावर जाऊन आदळते. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या संस्थेवर असाच हल्ला झाला आणि त्याचा जोर सेकंदाला ३०० गिगाबिटपर्यंत गेल्याचे सांगितले गेले. फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूवर डीएनएस सेवा ऐकती ठेवू नये, हा नियम तेव्हापासून कुठल्याही तपासणीत पहिल्या पानावर असतो.

पत्ते अपुरे पडू लागल्याने मे १९९४ च्या आरएफसी १६३१ ने एका पत्त्यामागे अनेक यंत्रे दडवण्याची नॅटची युक्ती मांडली आणि फायरवॉलने ती उचलली. आतले खाजगी पत्ते आणि बाहेरचे जाहीर पत्ते वेगळे झाले, तशी डीएनएसची नवी अडचण उभी राहिली. आतल्या माणसाने आपल्याच कंपनीच्या वेबसाइटचे नाव विचारले तर बाहेरचा सर्व्हर जाहीर पत्ता सांगे, आणि आतून त्या पत्त्यावर पोचता येत नसे. सिस्कोने १९९५ मध्ये घेतलेल्या पिक्स फायरवॉलने यावर जाता जाता उत्तरच बदलण्याचा उपाय केला: डीएनएसच्या उत्तरातला जाहीर पत्ता पुसून त्या जागी आतला पत्ता लिहायचा. प्रशासक याला ‘डीएनएस डॉक्टरिंग’ म्हणतात. सोय मोठी होती, पण मधल्या यंत्राने उत्तर बदलणे ही चांगली सवय नव्हे. उत्तरांवर सही करण्याची पद्धत आली तेव्हा असे बदललेले उत्तर बनावट ठरू लागले. आतली नावे आतल्याच सर्व्हरवर नोंदवणे हा कष्टाचा मार्ग शेवटी बरोबर ठरला.

कॅशेमध्ये खोटे उत्तर घुसवता येते हे जगाला १९९७ च्या जुलैमध्ये दिसले. यूजीन काशपुरेफ याने डोमेन नावांची नोंदणी करणाऱ्या इंटरनिकच्या संकेतस्थळाकडे जाणारी माणसे स्वतःच्या आल्टरनिक या साइटकडे वळवली. त्यासाठी त्याने दिलेल्या उत्तरांत न विचारलेल्या नावाचाही पत्ता जोडलेला असे आणि सर्व्हर तो निमूट साठवून ठेवत. पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला. बाइंडने न विचारलेली माहिती टाकून द्यायला सुरुवात केली आणि प्रकरण मिटल्यासारखे वाटले.

ते मिटले नव्हते. २००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांना दिसले की मूळ रचनेतली ६५,५३६ ही संख्या आता फारच लहान आहे. तोवरची समजूत अशी, की खोटे उत्तर पाठवणाऱ्याला खऱ्या उत्तराच्या आधी क्रमांक ओळखावा लागतो, आणि तो चुकला तर खरे उत्तर कॅशेमध्ये बसून त्याला मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. कामिन्स्की यांनी ही वाट पाहणेच काढून टाकले. ज्या डोमेनवर डोळा आहे त्याच्याखालचे अस्तित्वात नसलेले एक नाव विचारायचे, मग दुसरे, मग तिसरे. प्रत्येक वेळी नवा प्रश्न, म्हणजे नवी संधी. आणि खोट्या उत्तरात त्या फुटकळ नावाचा पत्ता देण्याऐवजी ‘या डोमेनचा नेमसर्व्हर अमुक’ असे सांगायचे. एकदा क्रमांक जुळला की अख्खे डोमेन हातात.

यानंतर जे घडले ते या क्षेत्रात क्वचित घडते. कामिन्स्की यांनी ही गोष्ट गुप्तपणे बाइंडचे काम अनेक वर्षे पाहिलेले पॉल व्हिक्सी आणि इतर जाणकारांना सांगितली. मार्चअखेर ते मायक्रोसॉफ्टच्या आवारात जमले, आणि ८ जुलै २००८ रोजी अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती दिली. ती साधी होती: प्रत्येक प्रश्न वेगळ्या, यदृच्छेने निवडलेल्या पोर्टवरून पाठवायचा. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या नेमसर्व्हरमध्ये ही काळजी आधीपासून घेतलेली होती. क्रमांकाबरोबर पोर्टही ओळखायचे म्हटल्यावर शक्यता हजारांवरून अब्जांवर गेल्या.

फायरवॉलच्या इतिहासाशी याचा संबंध इथेच येतो. बाइंडमध्ये पोर्ट ५३ बांधून ठेवणारी ती जुनी ओळ जिथे शिल्लक होती, तिथे नवी आवृत्ती घालूनही काही उपयोग झाला नाही. दुसरे नुकसान नॅटने केले. आतल्या सर्व्हरने काळजीपूर्वक निवडलेले पोर्ट अनेक फायरवॉल बाहेर पाठवताना बदलत आणि नवे पोर्ट ओळीने देत: एक, त्यानंतरचे, त्यानंतरचे. संरक्षणासाठी बसवलेले यंत्रच संरक्षण काढून घेत होते. त्या उन्हाळ्यात फायरवॉल उत्पादकांनाही आपल्या दुरुस्त्या काढाव्या लागल्या. रिझॉल्व्हर नॅटच्या मागे असेल तर बाहेर पडणारी पोर्ट विखुरलेली आहेत का ते तपासणे, हे काम तेव्हापासून प्रशासकाच्या माथी आले.

कायमचा उपाय म्हणजे उत्तरावर सही. डीएनएससेक या नावाने तो १९९७ पासून मांडला जात होता; त्याचे आजचे रूप मार्च २००५ च्या टिपणांत पक्के झाले आणि १५ जुलै २०१० रोजी नावांच्या वृक्षाच्या मुळावर, म्हणजे रूटवर, सही झाली. पण सहीमुळे उत्तरे मोठी होतात. ५१२ बाइटांची मर्यादा १९९९ च्या आरएफसी २६७१ ने सैल केली होती, तरी पिक्ससारख्या फायरवॉलची डीएनएस तपासणी मुळात ५१२ वरच लावलेली असे आणि त्याहून मोठे उत्तर निमूट टाकून देई. मोठे उत्तर यूडीपीत बसले नाही तर टीसीपीने मागावे, अशी सोय १९८७ पासून होती. तीही अनेकांनी बंद केली होती, कारण टीसीपी ५३ फक्त अख्ख्या डोमेनची यादी उतरवून घ्यायला लागते असा समज पसरला होता. यादी कोणीही उतरवू नये हे योग्यच. पण तो निर्बंध नेमसर्व्हरमध्ये घालायचा असतो, फायरवॉलवर वाट बंद करून नव्हे. शेवटी १ फेब्रुवारी २०१९ रोजी मोठ्या रिझॉल्व्हर चालकांनी ठरवून अशा अडेल यंत्रांसाठीच्या पळवाटा काढून टाकल्या. पुढच्या वर्षी यूडीपी उत्तरासाठी १२३२ बाइट हा सुरक्षित आकडा सुचवला गेला. त्याहून मोठे उत्तर टीसीपीने यावे आणि फायरवॉलने ते येऊ द्यावे.

इथवरचा विचार बाहेरून आत येणाऱ्या उत्तरांचा होता. आतून बाहेर जाणारे प्रश्न निरुपद्रवी मानले जात. हा समज नोव्हेंबर २०११ मध्ये मोडला. एस्टोनियातील एका टोळीने सुमारे ४० लाख संगणकांचे आणि घरगुती राउटरांचे डीएनएस सेटिंग बदलून त्यांचे प्रश्न आपल्या सर्व्हरांकडे वळवले होते. एफबीआयने टोळी पकडली, पण ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो लोकांचे इंटरनेट थांबले असते. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने पर्यायी सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. ज्या संस्थांच्या फायरवॉलवर ‘पोर्ट ५३ बाहेर फक्त आमच्या रिझॉल्व्हरला’ एवढा एक नियम होता, तिथे बाधित संगणकाचा पहिलाच प्रश्न अडे आणि नोंदीत दिसे. फायरवॉलवरच्या डीएनएस नियमांत याच्याइतका थोड्या कष्टात इतका उपयोगी दुसरा नियम नाही.

तरीही तो पुरेसा नाही. प्रश्नातच माहिती भरून बाहेर नेता येते. नावाच्या प्रत्येक भागात ६३ अक्षरे मावतात. चोरलेला मजकूर त्यांत सांकेतिक रूपात घालून ‘तमुक.चोराचे-डोमेन’ असा प्रश्न विचारला की संस्थेचा प्रामाणिक रिझॉल्व्हर स्वतःच तो चोराच्या सर्व्हरपर्यंत पोचवतो. अशी बोगदे खणणारी साधने २००० च्या दशकात सर्रास मिळू लागली होती. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात घुसलेले सॉफ्टवेअर पहिला संपर्क असाच करी. बाधित संस्थेची ओळख ते विचारलेल्या नावातच गुंफून पाठवी. अशा वेळी उपयोगी पडते ती नावांची यादी आणि चौकशांची नोंद. यादीतले नाव विचारले तर उत्तर न देण्याची, किंवा वेगळे उत्तर देण्याची पद्धत व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बाइंडमध्ये आणली, आणि ‘डीएनएस फायरवॉल’ हा शब्दप्रयोग त्यातून रुळला. पण यादीही आंधळेपणाने लावता येत नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेला वॉनाक्राय वर्म एका विचित्र नावाच्या साइटशी संपर्क झाला की स्वतःच थांबे. ते नाव घातक समजून ज्यांनी अडवले, त्यांच्याकडे तो थांबलाच नाही.

खाजगी पत्त्यांचा गैरवापर हा आणखी एक धडा. १९९६ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवले, आणि २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पुन्हा मोजूनमापून मांडले, की एखाद्या बाहेरच्या साइटने आपल्या नावाचा पत्ता दुसऱ्या चौकशीत बदलून १९२.१६८.१.१ असा आतला सांगितला तर वापरणाऱ्याचा ब्राउझरच आतल्या राउटरवर हल्ला करू लागतो. उपाय फायरवॉलच्या रिझॉल्व्हरमध्ये आहे: बाहेरून आलेल्या उत्तरात खाजगी पत्ता असेल तर ते टाकून द्यायचे. पीएफसेन्स या फायरवॉलमध्ये हे संरक्षण मुळात चालू असते. आतले सर्व्हर सापडेनात म्हणून काही ठिकाणी ते सरसकट बंद केले जाते; तेवढ्या एका डोमेनला सूट देणे हा योग्य मार्ग आहे.

फायरवॉलचे स्वतःचे नाव आणि डोमेन हा रकाना बहुतेकांना बिनमहत्त्वाचा वाटतो. सिस्कोच्या यंत्रांवर तो भरल्याशिवाय एसएसएचची किल्लीच तयार होत नसे, म्हणून तिथे काहीतरी टाकून पुढे जायची रीत पडली. ‘कॉर्प’, ‘होम’, ‘लोकल’ अशी मनाला येतील ती नावे पसरली. ‘कॉर्प’ घातलेल्या कंपनीचा लॅपटॉप बाहेर गेला की कधी कधी कॉर्प डॉट कॉमला विचारू लागे. त्या एका डोमेनवर एवढी गोपनीय वाहतूक येऊ लागली की २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते १९९४ पासूनच्या मालकाकडून विकत घेतले. ‘लोकल’ हे नाव २०१३ मध्ये वेगळ्याच कामासाठी राखले गेले, घरगुती नेटवर्कसाठी २०१८ मध्ये ‘होम.अर्पा’ आले, आणि जुलै २०२४ मध्ये डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅनने ‘इंटर्नल’ हे नाव खाजगी वापरासाठी कायमचे बाजूला ठेवले. संस्थेने स्वतः नोंदवलेल्या डोमेनची एक उपशाखा आत वापरणे हा मात्र पूर्वीपासूनचा निर्धोक मार्ग आहे.

फायरवॉलच्या नियमांतच नाव लिहिण्याची सोयही जपून वापरावी लागते. लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये नाव लिहिले तर ते नियम घालतानाच एकदा विचारले जाते आणि मिळालेला पत्ता तसाच राहतो. त्याच्या माहितीपुस्तिकेनेच असे करू नये म्हटले आहे. नंतरच्या फायरवॉलनी नाव ठरावीक वेळाने पुन्हा विचारायला सुरुवात केली. पण मग नियम खरा की खोटा, हे डीएनएसच्या उत्तरावर ठरू लागले. फायरवॉल आणि आतला संगणक एकाच रिझॉल्व्हरला विचारत नसतील तर दोघांना वेगळे पत्ते मिळतात आणि नियम अधूनमधून लागू पडत नाही. त्याच कारणाने, इंटरनेट पुरवठादाराने आपोआप दिलेले डीएनएस पत्ते फायरवॉलने मुकाट्याने उचलू नयेत.

२०१३ मध्ये अमेरिकी सरकारच्या पाळतीबद्दलची एडवर्ड स्नोडेन यांची कागदपत्रे बाहेर आल्यावर उघड्यावर जाणाऱ्या चौकशांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. मे २०१६ मध्ये पोर्ट ८५३ वरून कुलूपबंद डीएनएस आली. ती निदान फायरवॉलला ओळखता तरी येते. ऑक्टोबर २०१८ च्या आरएफसी ८४८४ ने मात्र चौकशी साध्या वेब वाहतुकीत, पोर्ट ४४३ वर मिसळून टाकली. फेब्रुवारी २०२० मध्ये मोझिलाने अमेरिकेतल्या फायरफॉक्समध्ये ती आपोआप चालू करायला घेतली. नागरिकाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह होते, संस्थेच्या प्रशासकाच्या दृष्टीने पोर्ट ५३ वरचे सगळे नियम बाजूने ओलांडले जात होते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. मोझिलाने मध्यममार्ग म्हणून एक ठरावीक नाव नेमले. संस्थेच्या रिझॉल्व्हरने ‘असे नाव नाही’ म्हटले तर फायरफॉक्स आपणहून ती सोय चालू करत नाही. अमेरिकेच्या एनएसएने जानेवारी २०२१ मध्ये संस्थांना आपलाच रिझॉल्व्हर वापरायचा आणि बाहेरचे कुलूपबंद रिझॉल्व्हर अडवायचा सल्ला दिला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने यात एक वेगळी गोष्ट आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ ही देवनागरी फांदी मराठीसह आठ भाषांसाठी खुली झाली. देवनागरी नाव डीएनएसमधून देवनागरीत जात नाही; ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन सांकेतिक रूपात जाते. फायरवॉलच्या यादीत आणि नोंदींत तेच रूप दिसते. त्यामुळे देवनागरी नाव अडवायचे किंवा शोधायचे असेल तर त्याचे सांकेतिक रूप आधी काढावे लागते.

नोंदी ठेवणे भारतात आता ऐच्छिक राहिलेले नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवादाते आणि सरकारी कार्यालयांनी आपल्या संगणक यंत्रणांच्या नोंदी चालू ठेवून मागच्या १८० दिवसांच्या सांभाळायच्या आहेत, आणि फायरवॉलच्या नोंदी त्यात येतात. फायरवॉलवर चालणाऱ्या डीएनएसमास्क आणि अनबाउंड या रिझॉल्व्हरांत प्रत्येक चौकशीची नोंद मुळात बंद असते. ती प्रशासकाने स्वतः चालू करावी लागते.